अष्टागरातील बेने इस्राएल आणि त्यांचे धर्मग्रंथ

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे, आणि त्या गावाच्या सीमेत बेने इस्राएल या यहुदी लोकांची जी पुरातन दफनभूमी दाखवितात तिच्याशी या समाजाची मूळकथा निगडित झालेली आहे. फार प्राचीन काळी पश्चिमेकडून आलेले एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. त्यातील सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत राहिल्या. लाटांनी काठावर आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेते त्यांनी येथेच पुरली. आणि बरोबर आणलेले सामानसुमान व धर्माच्या पोथ्या समुद्राच्या उदरात गेल्या, अशी ती कथा आहे. कथेचा काळ कोणी कोठेही नेऊन बसविला, तरी तिचा शेवटचा भाग ऐतिहासिक वस्तुस्थितीशी पुरता जुळतो, तो असा की अठराव्या शतकात जेव्हा या समाजाविषयीचे विश्वसनीय लेखी उल्लेख मिळू लागतात, तेव्हा त्यांच्यापाशी खरोखरच एकही धर्मग्रंथ नव्हता आणि ज्या भाषेत ते ग्रंथ लिहिलेले आहेत ती हिब्रू भाषा वाचू शकणारी माणसे त्यांच्यात जवळजवळ उरली नव्हती.

ग्रंथ गेले, परंतु आचार राहिला. अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या आसपासच्या किनारपट्टीत, आंगऱ्यांच्या मुलुखात आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालील गावांतून हे लोक पांगून राहिले. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. राजपूर, पेण, किहीम, दिवे, झिराड अशा गावांवरून त्यांची आडनावे पडली. शमुवेलाचा समाजी, यहेज्केलाचा हसाजी आणि इसहाकाचा इसाजी झाला. घरची, बाजारची आणि पाळण्याजवळची भाषा मराठी झाली. तरीही शनिवार उजाडला की त्यांचा घाणा बंद राही, आणि त्यावरूनच शेजारपाजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणून ओळखीत. मुलाची आठव्या दिवशी सुंता होई. खवले आणि पर नसलेली मासळी त्यांच्या चुलीवर चढत नसे. आणि बारसे असो, लग्न असो की मयत असो, ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे शेमा या प्रार्थनेचे हिब्रू शब्द तेवढे त्यांच्या तोंडी असत. ज्यांना त्या भाषेचे एक अक्षरही वाचता येत नव्हते अशा माणसांनी ते शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुखाने एकमेकांच्या हाती दिले होते.

त्यांच्या सणांची स्थिती तर विचार करण्यासारखी होती. तिशरी महिन्याच्या दहाव्या दिवसाला, ज्याला सर्व यहुदी जगत् योम किप्पूर म्हणून जाणते, हे लोक दार फळणीचा सण म्हणत. त्या दिवशी ते शुभ्र वस्त्रे नेसून, घराची दारे लावून घेऊन, परक्याचा स्पर्शही टाळून कडकडीत उपवास करीत. वसंत ऋतूत, इतरत्र पेसाह हा मिसरमधून सुटकेचा सण पाळला जातो त्या दिवसांत, ते अनशी ढाकण्याचा सण करीत. म्हणजे घरात आंबट पदार्थाचे जे मडके असे ते आठवडाभर झाकून ठेवीत, पण का झाकून ठेवावयाचे हे कोणाला सांगता येत नसे. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे दुःख ज्या तिथीला करावयाचे तिला वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण असे नाव पडले होते, आणि पुरीम हा सण होळीच्या सुमारास येतो म्हणून तो होळीचा सण झाला होता. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील मक्काबी वीरांच्या विजयाचा स्मृतिदिन, हनुक्का, मात्र त्यांना मुळीच ठाऊक नव्हता. त्यांचे पूर्वज त्या घटनेच्या आधीच स्वदेशातून निघाले असले पाहिजेत, असे या समाजाचे इतिहासकार ज्या आधारांवर म्हणत आले त्यांतील हा एक प्रमुख आधार. फांद्या जिवंत आणि मूळ मातीखाली दिसेनासे झालेले, अशा या धर्माला पुन्हा त्याच्या मुळाचे दर्शन घडले ते कोणत्या मार्गाने, हा या लेखाचा विषय आहे.

परंपरेने या पुनर्दर्शनाचे श्रेय दावीद राहाबी नावाच्या पुरुषास दिले आहे. तो कोणी मिसर देशाकडून आलेला समजतात, कोणी त्यास कोचीनच्या राहाबी घराण्यातील अठराव्या शतकातील व्यापारी मानतात, आणि त्याच्या काळाविषयी तर कित्येक शतकांचे अंतर पडावे इतका मतभेद आहे. कथा अशी की, कोकणात आल्यावर त्याने या लोकांच्या स्त्रियांसमोर नाना प्रकारची मासळी ठेवून ती रांधावयास सांगितली, आणि त्यांनी खवले व पर असलेली तेवढी निवडून घेऊन बाकीची बाजूस सारली, तेव्हा हे आपलेच लोक होत अशी त्याची खात्री पटली. तोरेतील, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतील, लेवीय नावाच्या ग्रंथात नेमका हाच नियम लिहिलेला आहे. तो ग्रंथ त्या स्त्रियांनी कधी पाहिला नव्हता, आणि तरीही त्यातील विधान त्यांच्या हातांना अवगत होते. यानंतर राहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तीन तरुणांस निवडून हिब्रू वाचावयास व धर्मविधी चालवावयास शिकविले, आणि पुढे त्यांचे वंशज काजी या नावाने समाजाचे धर्माधिकारी झाले. त्या काळच्या कोकणी मुलुखात कोणतीही विद्या वा अधिकार टिकावयाचा तर तो वतनाच्या रूपानेच टिकावयाचा, त्याप्रमाणे हे काजीपणही वंशपरंपरेने चालले. हे काजी गावोगाव हिंडून लग्ने लावीत, सुंता करीत आणि तंटे तोडीत. परंतु ग्रंथाचे अध्ययन म्हणून ज्याला म्हणता येईल ते त्यांच्याकडून समाजात पसरले नाही, आणि तसे पसरावे अशी सोयही त्या व्यवस्थेत नव्हती.

लेखी पुराव्याच्या प्रकाशात आपण येतो ते 1768 साली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीन येथील मातबर व्यापारी यहेज्केल राहाबी याने त्या वर्षी हॉलंडमधील आपल्या स्वधर्मीयांस लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलुखातील बेने इस्राएलांचा उल्लेख करून, ते तेलाचा धंदा करितात, काही शिपाईगिरी करितात, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, पाळतात आणि शेमा म्हणतात, याखेरीज त्यांना धर्माचे ज्ञान नाही, असे कळविले आहे. कोचीनच्या ज्या परदेशी सिनेगॉगशी या राहाबीचा संबंध होता ते 1568 सालचे; तेथे तोरेच्या गुंडाळ्या होत्या, पठणाची अखंड परंपरा होती, ग्रंथसंग्रह होता. कोकणातील तेली आणि कोचीनचे पंडित यांची गाठ पडणे ही आता केवळ वेळेची गोष्ट राहिली होती.

ती गाठ घातली मुंबईने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून अनेक बेने इस्राएल कुटुंबे मुंबईस येऊन राहिली आणि त्यांतील पुष्कळ पुरुष इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत नोकरीस लागले. समाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युएल यहेज्केल दिवेकर असेही म्हणतात, ते अशाच एका पलटणीत हुद्देदार होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. तू कोणत्या जातीचा असे विचारले असता त्यांनी आपण बेने इस्राएल असे उत्तर दिले, आणि ज्यांचे नाव कुराणात वारंवार येते त्या लोकांपैकी प्रत्यक्ष कोणी समोर उभा आहे हे ऐकून टिपूच्या मातेने त्यांच्या प्राणांची रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. सुटून सुखरूप परतल्यावर त्यांनी नवस फेडावा त्याप्रमाणे 1796 साली मुंबईत मांडवी भागात शाआर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग बांधिले. या समाजाचे हे पहिले प्रार्थनामंदिर. लोक त्यास मशीद म्हणत, आणि ज्या रस्त्यावर ते उभे राहिले त्या रस्त्यास पुढे सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. मंदिर झाले तरी त्यात ठेवावयास तोरेची गुंडाळी हवी, म्हणून दिवेकर कोचीनला गेले आणि 1797 साली तेथेच त्यांचा अंत झाला असे सांगतात.

मुंबईच्या या मंदिराने समाजावर जी जबाबदारी टाकली तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण ग्रंथाध्ययनाचा खरा आरंभ तेथेच आहे असे मला वाटते. मुकादम, चौगुले, गब्बाई, हज्जान, काजी आणि शम्माश असे मंदिराचे अधिकारी नेमता येतात, दहा प्रौढ पुरुष जमवून प्रार्थना उभी करता येते; पण तोरेची गुंडाळी वाचणे ही गोष्ट नेमणुकीने साधत नाही. सेफेर तोरा, म्हणजे ही गुंडाळी, हाताने चर्मपत्रावर लिहिलेली असते. तिच्यात मोशेचे पाचही ग्रंथ सलग असतात, अक्षरे बावीस आणि तीही सर्व व्यंजने. स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, पठणाच्या सुरांच्या खुणाही नाहीत. वाचकाने छापील प्रतीवरून स्वरांसह पाठ आधी पक्का करून यावा आणि मग गुंडाळीसमोर उभे राहून, ज्या शब्दांत स्वर लिहिलेलेच नाहीत ते अचूक स्वरांनी व ठरल्या सुरात म्हणावेत, आणि चूक झाली तर ऐकणाऱ्याने तेथल्या तेथे ती दुरुस्त करावी, असा नियम आहे. वर्षाच्या शब्बाथांवर चोपन्न भाग वाटून दिलेले असतात आणि एका वर्षात पाचही ग्रंथ वाचून संपवून त्याच दिवशी पुन्हा उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून आरंभ करावयाचा असतो. म्हणजे ज्या गावात गुंडाळी आली, त्या गावात वाचणारा आला पाहिजे, आणि वाचणाऱ्याची चूक ओळखणारेही आले पाहिजेत. एका वस्तूच्या आगमनाने सबंध समाजाला विद्यार्थी व्हावे लागले.

हा अभ्यास कोचीनकरांनी करविला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथून आलेल्या शिक्षकांनी मुंबईत आणि कोकणच्या गावांत मुलांना अक्षरे, स्वर आणि प्रार्थनेचे पाठ शिकविले. त्यांच्यातील शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव बेने इस्राएलांच्या स्मृतीत विशेष आदराने राहिले आहे. 1856 साली ते निवर्तले, परंतु तोपर्यंत त्यांनी एका संपूर्ण पिढीला प्रार्थनेचा शुद्ध पाठ दिला होता. याच काळात अलिबागला 1848 साली आणि पनवेलला 1849 साली मंदिरे उभी राहिली. आजही बेने इस्राएलांची उपासना सेफार्दी पद्धतीची आहे, ती कोचीनची शिकवण.

तथापि कोचीनच्या शिक्षकांनी पाठ दिला, अर्थ फारसा दिला नाही. अर्थ आला तो अनपेक्षित दिशेने. अमेरिकन मिशनचे लोक 1813 पासून मुंबईत होते. त्यांनी आणि पाठोपाठ इतर मिशनांनी मराठी शाळा काढल्या, बेने इस्राएल मुलांना त्यांत घेतले, बेने इस्राएल शिक्षकही नेमले. शिवाय ख्रिस्ती झालेला कोचीनचा एक यहुदी, मायकेल सार्गन, याच्याकडून खास त्यांच्यासाठी हिब्रूच्या शाळा चालविल्या. मिशनऱ्यांनी जुन्या कराराचे ग्रंथ मराठीत उतरविले, आणि उत्पत्ती, निर्गम, लेवीय हे ग्रंथ बेने इस्राएलांनी प्रथम समजून वाचले ते या मराठी भाषांतरांत. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. पण धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले आणि वाचणारे पुष्कळ निघाले. निर्गमात मिसरमधून सुटण्याच्या रात्रीचे वर्णन आणि खमीर घरातून काढून टाकण्याची आज्ञा वाचताना अनशी ढाकण्याच्या सणाचे कारण त्यांना कळले. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात दार फळणीच्या उपवासाची आज्ञा सापडली. मासळीविषयीचा नियम सापडला. आपण जे आजवर केवळ वडिलांनी केले म्हणून करीत आलो, ते सर्व कोठेतरी लिहून ठेवलेले आहे, हे ज्ञान एखाद्या समाजाला किती सामर्थ्य देते याची कल्पना मिशनऱ्यांना आली नव्हती असे दिसते. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मिशनऱ्यांचे हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे, आणि त्यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

मिशनऱ्यांपैकी स्वतंत्र उल्लेख करावा असे गृहस्थ म्हणजे स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन. ते 1829 साली मुंबईस आले आणि तीनच वर्षांनी, 1832 साली, बेने इस्राएलांच्या उपयोगासाठी त्यांनी हिब्रू भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. या सालाकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. त्याच वर्षाच्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. मोल्सवर्थचा कोश आदल्याच वर्षी छापून झाला होता. आणि दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध व्हावयास अद्याप चार वर्षे अवकाश होता. ज्या काळी मराठी भाषा स्वतःच्या नियमांची शास्त्रीय मांडणी छापील रूपात करू लागली होती, त्याच काळी ती एका दूरच्या सेमिटिक भाषेचे नियम, तीन व्यंजनांचे धातू, अक्षरांच्या खालीवर बसणारी स्वरचिन्हे, उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ, हे सारे आपल्या एका लहान समाजाला समजावून सांगू लागली होती. मराठी गद्याच्या आरंभकाळाचा इतिहास लिहिताना या लहानशा पुस्तकाची आठवण क्वचितच होते. ती व्हावी असे मला मनापासून वाटते.

पाठ कोचीनकडून आणि अर्थ मिशनकडून मिळाल्यावर पुढचे काम समाजाने स्वतःच्या हाती घेतले. पेसाहच्या रात्री घरोघर वाचावयाचे हग्गादा हे पुस्तक मराठी भाषांतरासह 1846 साली मुंबईत शिळाछापावर निघाले. 1874 साली पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात अशीच दुसरी हग्गादा काढिली. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या जमिनीवर बसल्या आहेत आणि लुगडी नेसल्या आहेत. यजमान बेने इस्राएल, छापखाना एका ब्राह्मण गृहस्थाचा, एका बाजूस हिब्रू, एका बाजूस मराठी, असे हे पुस्तक पुण्यात एकोणिसाव्या शतकात झाले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटला पाहिजे.

परंतु या सर्व उद्योगाचा कळस झाला तो जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांच्या कारकिर्दीत. 1834 साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात ते शिकले. आणि बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून यांच्या नावाने चालणाऱ्या यहुदी मुलांच्या शाळेत ते शिक्षक व पुढे मुख्याध्यापक होऊन सुमारे चाळीस वर्षे राहिले. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमिले आणि फेलो केले. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी हिब्रूतून मराठीत वीसहून अधिक पुस्तके उतरविली. रोजच्या, शब्बाथच्या, उपवासांच्या आणि सणांच्या जवळजवळ सर्व प्रार्थना त्यांत येऊन गेल्या. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. सणांच्या प्रार्थनांत स्पेनमधील मध्ययुगीन यहुदी कवींच्या अतिशय गहन आणि श्लेषप्रचुर रचना आहेत. त्यांत तोरेतील, स्तोत्रांतील आणि भविष्यवाद्यांच्या ग्रंथांतील शब्दसंहती पदोपदी गुंफलेल्या असतात, आणि त्या कोठून आल्या हे ज्याला ठाऊक नाही त्याला ओळीचा अर्थ लागत नाही. अशा भाषांतरकाराला एका पानासाठी अवघा जुना करार डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. राजपूरकर 1905 साली वारले. ज्या तीन घराण्यांत एके काळी राहाबीने विद्या ठेविली होती त्यांतील एकाचे आडनाव धारण करणाऱ्या या गृहस्थाने ती विद्या वतनाबाहेर काढून ज्याला मराठी वाचता येते त्या प्रत्येकाच्या हाती दिली, आणि काजीच्या येण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

पुस्तकांच्या जोडीला शाळाही आली. केहिमकरांनी 1875 साली मुंबईत समाजाची शाळा काढिली. तेथे मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकविली जाई. पुढे हीच शाळा सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्धीस आली.

शाळेत जाऊ न शकणाऱ्यांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी आणि कोकणातील वडीलधाऱ्यांसाठी, जो मार्ग निघाला तो सर्वस्वी महाराष्ट्रीय होता. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कीर्तने आरंभिली, आणि त्यांच्या उत्तेजनार्थ मंडळही स्थापन केले. हरिदासाच्या कीर्तनाची सर्व घडण त्यांनी घेतली. साकी, दिंडी, ओवी, आर्या आणि पदे यांतून आब्राहामाची परीक्षा, योसेफाचा भावांनी केलेला विक्रय, मोशेचे फारोपुढे उभे राहणे ही आख्याने रंगू लागली. तोरेतील कथा पाठ करणे आणि तिच्यावर विवरण करणे ही यहुदी परंपरेची जुनीच रीत. पण तिला जे रूप येथे मिळाले ते पंढरीच्या वाटेवरच्या मातीत वाढलेल्या कानांनीच कल्पावे असे होते. ज्या बाईने आयुष्यभर मडके झाकले आणि दारे लावली, तिला त्या झाकण्याची आणि लावण्याची कथा प्रथमच तिच्या स्वतःच्या भाषेत, तिच्या ओळखीच्या चालीत ऐकावयास मिळाली. माझ्या मते ग्रंथाध्ययनाच्या या इतिहासात छापील पुस्तकाच्या तोडीचे स्थान या कीर्तनांना दिले पाहिजे.

या अभ्यासाची एक सीमा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. बेने इस्राएलांचे अध्ययन तोरा, इतर शास्त्रग्रंथ आणि प्रार्थनासंहिता येथपर्यंत आले. मिश्ना आणि तल्मूद यांचा जो अफाट न्यायशास्त्रीय विस्तार, ज्यात विवाह, घटस्फोट, वारसा यांचे नियम शेकडो वर्षांच्या वादविवादांतून घडलेले आहेत, त्याच्या पाठशाळा कोकणात वा मुंबईत या समाजाने कधी उभारल्या नाहीत. त्यांचे स्वतःचे रब्बी नव्हते. भारतात असेपर्यंत हे उणे कोणाला बोचले नाही. 1948 नंतर समाजातील हजारो लोक इस्राएल देशात जाऊन राहिले, आणि तेथे 1962 साली मुख्य धर्मपीठाने असे निर्देश दिले की बेने इस्राएलाशी इतर यहुद्याचा विवाह नोंदविण्यापूर्वी त्याची वंशावळ शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. कारण तल्मुदाशी परिचय नसलेल्या पूर्वजांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्रशुद्ध झाले असतील याची शाश्वती नाही. ज्यांनी ग्रंथांवाचून शब्बाथ राखला होता, त्यांना आता ग्रंथांच्याच आधारे संशयाने पाहिले जात होते. बेने इस्राएलांनी यरुशलेमात धरणे धरिले, आणि हा प्रश्न देशभर गाजला. 1964 च्या ऑगस्टात इस्राएलच्या संसदेने विशेष बैठक भरवून हे लोक सर्व अर्थांनी यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क इतर यहुद्यांइतकेच आहेत असा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आपल्या निर्देशांतून बेने इस्राएल हे नाव काढून टाकले.